गेट, ग्लोब, बॉल, एनआरव्ही: कोणता व्हॉल्व्ह कुठे आणि का

एप्रिल लागला की नागपुरात प्लंबरचा फोन लागत नाही. कूलर धुऊन बाहेर निघतात आणि त्यांचे फ्लोट अडकलेले सापडतात. कुणाची टाकी भरून वाहते. कुणाकडे तळमजल्याला धो धो पाणी आणि वरच्या मजल्याला करंगळीएवढी धार. कुणाची मोटर चालते, पण पाणी चढत नाही. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी शोधत गेलं की बहुतेक वेळा आपण एखाद्या व्हॉल्व्हपाशी येऊन थांबतो. मग नवीन आणायला इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात जावं, तर काउंटरवरून विचारणा होते, "गेट देऊ का बॉल? का एनआरव्ही पाहिजे?" बरीच माणसं इथं गप्प होतात आणि दुकानदार देईल ते घेऊन घरी येतात.

त्या विचारणेला तुम्हाला नीट उत्तर देता यावं, एवढ्यासाठी हा लेख. विषय अवघड वाटतो, कारण व्हॉल्व्हची नावं शंभर आहेत. पण नावं बाजूला ठेवली तर व्हॉल्व्ह म्हणजे नळीच्या वाटेत बसवलेला हलता अडथळा. त्याच्याकडून आपण चारच कामं मागतो: प्रवाह पूर्ण बंद किंवा पूर्ण चालू करणं, प्रवाह कमी-जास्त करणं, प्रवाह उलटा फिरू न देणं आणि दाब एका मर्यादेत ठेवणं. यातलं एक काम चोख करणारा व्हॉल्व्ह दुसऱ्या कामाला बहुधा कच्चा असतो. आपल्या घरांतल्या आणि इमारतींतल्या बऱ्याचशा कटकटींचं मूळ मला इथंच दिसतं. मालाचा दर्जा ठीक असतो, पण एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलेलं असतं.

सगळ्यात जास्त अन्याय गेट व्हॉल्व्हवर होतो. गच्चीवरच्या टाकीखाली, गोल चाकाचा, पितळेचा, तो हाच. आत पाचरीच्या आकाराची एक जाड चकती असते. चाक फिरवलं की स्पिंडलच्या, म्हणजे चाकाला जोडलेल्या दांड्याच्या, आट्यांवरून ती वर सरकते किंवा खाली येऊन खाचेत घट्ट बसते. पूर्ण उघडला की चकती वाटेतून संपूर्ण बाजूला होते आणि पाणी जणू सरळ नळीतूनच जातं. म्हणून त्यात दाब जवळजवळ वाया जात नाही. महापालिकेच्या मोठ्या लाईनवर, रस्त्यातल्या चेंबरमध्ये जो स्लूस व्हॉल्व्ह असतो तोही याच घराण्यातला, फक्त आकाराने दांडगा. चावीवाला लांब दांड्याची टी-चावी खाली घालून फिरवतो तेव्हा खाली अशीच पाचर हलत असते.

आता हा व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवला तर? अनेक अपार्टमेंटमध्ये नेमकं हेच चालतं. खालच्या मजल्यांना पाणी जास्त जातं म्हणून त्यांच्या लाईनचा गेट व्हॉल्व्ह अर्धा दाबून ठेवतात. चकतीखालच्या चंद्रकोरीएवढ्या फटीतून पाणी प्रचंड वेगाने निसटतं, वर लटकलेली चकती थरथरत राहते आणि तिची खालची धार झिजत जाते. शिवाय चाक थोडं फिरवलं की प्रवाह एकदम बराच वाढतो आणि नंतर कितीही फिरवलं तरी फारसा फरक पडत नाही, म्हणजे नेमकं नियंत्रणही जमत नाही. वर्षा-दोन वर्षांनी तो पूर्ण बंद करायची वेळ येते तेव्हा झिजलेली धार खाचेत बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. एका जुन्या प्लंबरने हे एका वाक्यात सांगितलं होतं: "भाऊ, गेट वॉल एक तर पुरा खोला, नाही तर पुरा बंद करा. अर्धा ठेवाल तर पुढच्या उन्हाळ्यात मलेच बोलवाल."

गेट व्हॉल्व्हचा आणखी एक शत्रू म्हणजे गाळ. खालच्या खाचेत रेती किंवा गंजाचा खडा बसला की पाचर तळाला टेकत नाही. अशा वेळी पान्याने जोर लावून आवळू नका. थोडा उघडा, पाण्याच्या जोराने खाच धुऊ द्या, मग पुन्हा बंद करा. दोन-तीनदा असं केलं की बहुधा बसतो. जोर लावला तर स्पिंडल तुटतं आणि मग वरून चाक मस्त फिरतं, पण आत पाचर जागची हलत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा मोठा संदर्भ येणार आहे.

प्रवाह कमी-जास्त करायचा तर ग्लोब व्हॉल्व्ह. नाव परकं वाटलं तरी तो रोज आपल्या हातात असतो, कारण जुन्या पद्धतीचा फिरवायचा नळ म्हणजे ग्लोब व्हॉल्व्हच. आत एक आडवा पडदा असतो, पडद्याला गोल भोक असतं आणि त्या भोकावर वरून रबरी वायसर येऊन टेकतो. पाण्याला खालून येऊन, वर चढून, पुन्हा वळून जावं लागतं. या वळणांमुळे दाब खर्च होतो, हा त्याचा तोटा. पण वायसर जितका उचलाल त्याच्या जवळपास प्रमाणात धार वाढते, हा त्याचा मोठा गुण. म्हणून मजल्यांमधलं पाणी समान वाटायचं असेल तर त्या ठिकाणी ग्लोब व्हॉल्व्ह बसवावा. गेटपेक्षा महाग पडतो, पण तो याच कामासाठी घडवलेला आहे.

नळ टपटपतो तेव्हा दोष बहुधा त्या वायसरचा असतो. आपण तो थांबावा म्हणून आणखी आवळतो आणि रबर कापलं जातं. हल्ली अर्ध्या किंवा पाव वळणात बंद होणारे नळ आलेत, त्यांत रबर नसतं. सिरॅमिकच्या दोन अत्यंत गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्यांची भोकं जुळली की पाणी येतं. त्या आवळायची गरजच नसते. मात्र रेतीचा एक कण मध्ये गेला तर ओरखडा पडतो, म्हणून नळाच्या आधी जाळी असावी.

बॉल व्हॉल्व्हने आता बाजार काबीज केला आहे आणि तेही योग्य कारणाने. आत एक गोळा असतो, गोळ्याला आरपार भोक. हॅन्डल पाव वळण फिरवलं की भोक नळीच्या रेषेत येतं किंवा आडवं होतं. हॅन्डल नळीला समांतर असेल तर चालू, आडवं असेल तर बंद. लांबून पाहिलं तरी कळतं आणि ही सोय फार मोठी आहे. गोळा टेफ्लॉनच्या दोन कड्यांमध्ये बसतो, त्यामुळे तो बंद होतो तेव्हा कडेकोट बंद होतो. अर्धवट ठेवला तर वेगवान पाणी त्याच कड्या खातं, म्हणून हाही चालू-बंदचाच गडी. बोअरचं पाणी जड असेल तर गोळ्यावर क्षार जमतात आणि वर्षभर न हलवलेला व्हॉल्व्ह ऐन गरजेच्या वेळी दगडासारखा बसतो. महिन्यातून एकदा बंद-चालू करत जा, एवढं पुरतं.

त्याच्या झटपटपणाला दुसरी बाजूही आहे. वाहतं पाणी वजनदार असतं. दहा मीटर लांब, एक इंची नळीत सुमारे पाच किलो पाणी असतं आणि ते सगळं एकत्र पुढे धावत असतं. पुढची वाट अचानक बंद झाली तर ते कुठे जाणार? अजनी यार्डात मालगाडीचं इंजिन एकदम थांबलं की डबे एकामागून एक आदळत तो धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो, तसाच दाबाचा धक्का नळीत मागे धावतो. त्याला वॉटर हॅमर म्हणतात. लोखंडी नळीत हा धक्का सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने जातो. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी क्षणात थांबवलं तर दाब १२-१३ किलोने (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढ्या किलोने) वाढू शकतो. प्लॅस्टिकच्या नळीत नळी स्वतः थोडी फुगते, त्यामुळे हा आकडा बराच कमी राहतो, पण तरी जोडांना तो जाणवतोच. तुलनेसाठी सांगतो, तीन मजली घराच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्यावर जेमतेम एक किलो दाब असतो.

यात "क्षणात" म्हणजे किती, हे नळीच्या लांबीवर ठरतं. धक्का नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईपर्यंतचा काळ मोजायचा. घरातल्या दहा मीटर नळीत तो सेकंदाचा पन्नासावा भाग असतो, हाताने इतक्या चपळाईने नळ बंद होत नाही. वॉशिंग मशिनमधला विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मात्र झटकन मिटतो, म्हणून मशिन पाणी घेणं थांबवतं तेव्हा भिंतीतून "ठक्" असा आवाज येतो. आता पाच किलोमीटरची मोठी लाईन धरा. तिथं धक्क्याला जाऊन-येऊन दहा सेकंद लागतात. म्हणजे दहा सेकंदांत बंद केलेला व्हॉल्व्हसुद्धा त्या लाईनच्या दृष्टीने क्षणात बंद केलेलाच! पेंच आणि कन्हानचं पाणी शुद्ध होऊन जाड नळांतून शहरभरच्या जलकुंभांकडे जातं. त्या नळांवरचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस संथपणे, मोजून आटे फिरवताना दिसतो. त्या संथपणात लाईन फुटू न देण्याचं शहाणपण आहे. विशेषतः शेवटचे काही आटे महत्त्वाचे, कारण प्रवाह खरा तुटतो तो तिथंच.

मोठ्या व्यासाच्या नळांवर जागा आणि वजन वाचवायला बटरफ्लाय व्हॉल्व्ह वापरतात. नळीच्या मधोमध एक चकती, ती आसाभोवती पाव वळण फिरते. उघडी असतानाही चकती प्रवाहातच उभी असते, पण आडवी कड पाण्याकडे करून. घरगुती वापरात तो फारसा दिसत नाही, म्हणून इथं एवढंच.

एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हा बिनहाताचा व्हॉल्व्ह. त्याला चाक नाही, हॅन्डल नाही. पाणी पुढे ढकललं की आतलं झाकण उघडतं, पाणी मागे यायला लागलं की त्याच पाण्याच्या जोराने झाकण मिटतं. अंगावर कोरलेला बाण पाण्याच्या दिशेने ठेवायचा असतो. उलटा बसवला तर मोटर कितीही फिरली तरी थेंब येत नाही आणि हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. झाकण बिजागरीवर झुलणारं असेल तर आडव्या नळीत किंवा पाणी वर चढणाऱ्या उभ्या नळीत बसवावं, खाली वाहणाऱ्या नळीत ते मिटणारच नाही. स्प्रिंगचं असेल तर कोणत्याही दिशेला चालतं.

काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्यात विहिरीवर पंप बसवलेल्या कुणालाही फूट व्हॉल्व्ह सांगावा लागत नाही. सक्शन पाइपच्या तळाशी जाळी असलेला एनआरव्ही, तोच फूट व्हॉल्व्ह. तो का लागतो, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. पंप पाणी "ओढत" नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवेचा दाब साधारण दहा मीटर उंचीचं पाणीच पेलू शकतो, घर्षण वगैरे धरून प्रत्यक्षात सहा-सात मीटर. पण पंपात आणि पाइपमध्ये हवा असेल तर पंखा हवेतच गरगरतो आणि दाब पुरेसा कमी होत नाही. म्हणून पाइप कायम भरलेला हवा. मोटर बंद झाल्यावर पाइपमधलं पाणी विहिरीत परत पडू न देणं हे फूट व्हॉल्व्हचं काम. त्याच्या वायसरखाली काडी-कचरा अडकला की रात्रभरात पाइप रिकामा होतो आणि सकाळी पंप "हवा धरतो". रोज पाणी ओतून पंप भरायची वेळ येत असेल तर मोटर उघडण्याआधी फूट व्हॉल्व्ह वर काढून पाहा.

घराच्या महापालिकेच्या कनेक्शनवरही एनआरव्ही असावा, असं माझं ठाम मत आहे. पुरवठा थांबला की लाईन रिकामी होताना तिच्यात वातावरणापेक्षा कमी दाब तयार होऊ शकतो. कुणी लाईनला थेट मोटर लावली तर नक्कीच होतो. अशा वेळी तुमच्या टाकीत किंवा बादलीत बुडालेल्या पाइपमधलं पाणी उलटं लाईनमध्ये जाऊ शकतं आणि जमिनीखालच्या बारीक गळतीतून गटाराचं पाणी आत शोषलं जाऊ शकतं. एनआरव्हीमुळे निदान तुमच्या घरातून शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात काही जाणार नाही.

याच जातीचे चार व्हॉल्व्ह प्रत्येकाच्या छातीत आहेत. हृदयाच्या झडपांना उघडायला स्वतःचे स्नायू नाहीत. रक्ताच्या दाबातल्या फरकाने त्या उघडतात आणि मिटतात, दिवसाला सुमारे एक लाख वेळा. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपांना खालून चिवट तंतू बांधलेले असतात, कारण नाही तर आकुंचनाच्या जोराने त्या उलट्या बाजूला पलटी खातील. बिघाडही एनआरव्हीसारखेच दोन: नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही. आपल्या देशात लहान वयात घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने या झडपा जाड आणि आखडलेल्या होतात, हे एक मोठं कारण. परदेशी कृत्रिम झडप परवडत नसल्याच्या काळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने भारतीय झडप घडवली आणि १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली. धातूच्या कड्यात कलणारी एक प्लॅस्टिकची चकती, इतकी तिची रचना सोपी आहे. सोपी दिसत असली तरी रोज एक लाख वेळा उघड-मीट करून वर्षानुवर्षं न झिजणारा पदार्थ शोधायला त्या लोकांना अनेक वर्षं लागली.

पाण्याच्या लाईनमध्ये हवाही शत्रू असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. लाईन चढ-उताराच्या जमिनीवरून जाते तेव्हा उंचवट्यांवर हवा साठते आणि तिथं पाण्याची वाट अरुंद होते. म्हणून उंच ठिकाणी एअर व्हॉल्व्ह बसवतात. आत एक तरंगता गोळा असतो. हवा असेल तर गोळा खाली, भोक उघडं, हवा बाहेर. पाणी आलं की गोळा तरंगून भोक बंद. लाईन रिकामी होताना तो उलट काम करतो, बाहेरची हवा आत घेतो, म्हणजे नळी पिचकत नाही. ड्रिप लावलेल्या बागेत याचा थेट फायदा आहे. पंप बंद झाल्यावर उतारावरचं पाणी खाली पळतं, वरच्या बाजूच्या लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्यांमध्ये, पोकळी होते आणि ड्रिपरच्या बारीक छिद्रांतून चिखल आत ओढला जातो. उंच टोकाला छोटा एअर व्हॉल्व्ह असेल तर हवा तिथून शिरते आणि ड्रिपर वाचतात. संत्र्याच्या बागेत ड्रिपर बुजतात म्हणून फक्त ॲसिड सोडत राहणाऱ्यांनी हे एकदा तपासावं.

आता कूलर. त्यातला फ्लोट व्हॉल्व्ह मला सगळ्यात आवडतो, कारण विजेशिवाय, माणसाशिवाय तो स्वतःच पातळी मोजतो आणि स्वतःच निर्णय घेतो. लांब दांडीच्या टोकाला पोकळ फ्लोट, दुसऱ्या टोकाला छोटं रबर, रबरासमोर पाणी येणारं बारीक भोक. पाणी वाढलं की फ्लोट वर जातो आणि दांडी तरफ होऊन रबर भोकावर दाबते. फ्लोटचा जोर थोडा, पण दांडी लांब म्हणून रबरावर तो अनेक पटींनी वाढतो. भोक बारीक ठेवतात तेही याचसाठी, म्हणजे पाण्याचा विरुद्ध जोर कमी पडतो. टाकीवरून पाणी येत असताना ठीक चालणारा फ्लोट थेट नळाच्या लाईनला जोडला आणि सकाळी दाब जास्त आला तर पाणी रबराला मागे ढकलतं आणि कूलर भरून वाहतो. फ्लोट बदलून उपयोग नाही, जास्त दाबाचा, बारीक भोकाचा व्हॉल्व्ह लागतो.

कूलरच्या टबात दुसरी अडचण क्षारांची. मे महिन्यात कूलर भरपूर पाणी उडवतो, पण उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. रोज भर घालत गेलं की टबातलं पाणी आठवडाभरात मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जड होतं आणि रबरावर, दांडीच्या खिळीवर पांढरा थर बसतो. म्हणून आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करावा. फ्लोट हलवून कानाशी धरा. आत पाणी खळखळलं तर त्याला चीर गेली आहे. तो आता तरंगणार नाही आणि व्हॉल्व्ह कधीच मिटणार नाही.

दाब मर्यादेत ठेवणारे व्हॉल्व्ह दोन प्रकारचे, आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक रोज दाब कमी करत असतो. दुसरा एरवी गप्प राहतो आणि धोका झाला तरच उघडतो.

पहिल्याचं उदाहरण शहरात उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींत सापडेल. दर दहा मीटर उंचीला एक किलो दाब. वीस मजल्यांच्या इमारतीत गच्चीची टाकी साठ मीटरवर असेल तर खालच्या मजल्यावर सहा किलो दाब पडतो. तेवढ्यात नळांचे वायसर आणि गीझरचे होज टिकत नाहीत. म्हणून काही मजल्यांच्या टप्प्याने प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह लावतात. आत स्प्रिंग असते आणि तिच्याविरुद्ध एक पातळ पडदा. पुढचा दाब वाढला की पडदा स्प्रिंगला मागे सारून वाट आवळतो, दाब घटला की स्प्रिंग वाट मोकळी करते. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा रेग्युलेटर हाच. सिलिंडरमध्ये कित्येक किलो दाब असतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो आणखी चढतो, तरी शेगडीपर्यंत जाणारा दाब जेमतेम ३० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा राहतो. सिलिंडरच्या तोंडाशी वेगळा, स्प्रिंगने आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह असतो. रेग्युलेटर बसवताना त्याची दांडी तो खाली दाबते, म्हणून गॅस येतो, आणि रेग्युलेटर काढला की तो स्वतः बंद होतो. आतली रबरी रिंग तुटली तर रेग्युलेटर बसवल्यावर गॅसचा वास येतो. अशा वेळी तो सिलिंडर परत करावा, हात घालू नये.

दुसरा प्रकार म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि त्याचा जुना पूर्वज कुकरच्या शिटीत अजून जिवंत आहे. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडं शिजवणारं बंद भांडं दाखवलं. त्याचं भांडं फुटू नये म्हणून त्याने भोकावर वजन ठेवायची युक्ती काढली. हिशोब अगदी सरळ आहे. भोकाचा व्यास ३ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर येतं. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो जादा दाब झाला की वाफ त्या भोकातून सत्तर ग्रॅम वजन उचलेल. म्हणजे सत्तर ग्रॅमची शिटी ठेवली की दाब एक किलोपुढे जाऊच शकत नाही आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. मात्र भोकात डाळीचं टरफल अडकलं तर हा हिशोब संपला. म्हणूनच झाकणावर दुसरा, ठराविक तापमानाला वितळणारा सेफ्टी प्लग असतो. तो उडाला की त्याच मापाचा, त्याच कंपनीचा लावावा. खिळा किंवा बोल्ट मारून भोक बंद करणं म्हणजे शेगडीवर बॉम्ब ठेवणं आहे.

गीझरबाबतही हेच कळकळीने सांगतो. १५ लिटरच्या गीझरमधलं पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की ते सुमारे पाव लिटर फुगतं. गीझरच्या तळाशी एनआरव्ही असेल तर त्या जादा पाण्याला मागे वाट नसते, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून थोडे थेंब पडतात. हा बिघाड नाही. बाथरूम ओली होते म्हणून तिथं प्लग मारलेला मी पाहिला आहे. थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी तापत राहिलं तर बंद टाकीतलं पाणी शंभर अंशांच्या वर जातं, टाकी फुटली की ते सगळं एका क्षणात वाफ होऊ पाहतं आणि भिंत पाडण्याइतकी ताकद त्यात असते. थेंबांचा त्रास होत असेल तर तोंडाला बारीक नळी लावून मोरीपर्यंत न्या, तिचं दुसरं टोक उघडं ठेवा. आणि थेंब थांबतच नसतील, गीझर थंड असतानाही, तर लाईनचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार बसले आहेत.

हेच तत्त्व कोराडीच्या वीज केंद्रात प्रचंड प्रमाणात चालतं. तिथले ६६० मेगावॉटचे तीन संच सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे बॉयलरमधला दाब २२१ बारच्या पुढे असतो (एक बार म्हणजे साधारण एक किलो), जिथं पाणी आणि वाफ हा फरकच उरत नाही. टर्बाइनच्या तोंडाशी जे स्टॉप व्हॉल्व्ह असतात ते तेलाच्या दाबाने उघडे धरलेले असतात आणि मजबूत स्प्रिंग त्यांना सतत मिटवायला बघत असते. जनरेटर ग्रिडपासून अचानक सुटला तर टर्बाइनवरचा भार नाहीसा होतो आणि ते भिंगरीसारखं वेग घेऊ लागतं. तेव्हा तेल सोडून दिलं जातं आणि सेकंदाच्या अंशात वाफ तुटते. वीज गेली, तेलाची नळी फुटली, काहीही झालं तरी व्हॉल्व्ह मिटतोच. कारखान्यात प्रत्येक व्हॉल्व्ह निवडताना विचारतात की वीज किंवा हवा गेली तर हा उघडा राहायला हवा की बंद? इंधनाचा असेल तर बंद व्हावा, थंड करणाऱ्या पाण्याचा असेल तर उघडावा.

तरीही एक धोका उरतोच, आणि वर सांगितलेल्या तुटक्या स्पिंडलशी त्याचं नातं आहे. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात जादा दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि दाब उतरल्यावर मिटायच्या ऐवजी तसाच उघडा राहिला. नियंत्रण कक्षातला दिवा विझला होता, म्हणून तो बंद झाला असं तिथल्या लोकांनी धरलं. पण तो दिवा व्हॉल्व्हची जागा दाखवत नव्हता. बंद होण्याचा आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीला थंड ठेवणारं पाणी तिथून निसटत राहिलं आणि गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला.

म्हणून घरातला व्हॉल्व्ह बंद केल्यावर चाक फिरलं यावर भरवसा ठेवू नका, पुढचा एखादा नळ उघडून पाणी खरंच थांबलं का ते बघा. गच्चीवर प्रत्येक व्हॉल्व्हला तो कोणत्या लाईनचा आहे हे रंगाने लिहून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवा. दुकानात जाताना जुना व्हॉल्व्ह खोलून सोबत न्या, आट्याचं माप त्यावरून जुळतं. काउंटरवर आधी काम सांगा: चालू-बंद करायचं आहे, धार आवरायची आहे, पाणी मागे येऊ द्यायचं नाही की दाब उतरवायचा आहे. मग किती मजल्यांवरून पाणी येतं आणि ते नळाचं आहे की बोअरचं, ते सांगा. एवढ्यावर कोणताही जाणकार दुकानदार योग्य व्हॉल्व्ह काढून देतो.